तीन ऑफर, पाच निकष, एक एक्सेल: कॅम्पसनंतरची नोकरी मार्क देऊन ठरवावी का?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिलाच आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

मेकॅनिकलचं शेवटचं सेमिस्टर संपलं. हातात तीन पर्याय आहेत. घरी रोज जेवताना यावर चर्चा होते आणि ताक वाढेपर्यंत निकाल बदललेला असतो, म्हणून शेवटी एक्सेल उघडलं.

अ) हिंजवडीतली आयटी सर्व्हिस कंपनी, सीटीसी (कंपनीला माझ्यावर वर्षाला पडणारा एकूण खर्च) ४ लाख.
ब) चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) म्हणून, सीटीसी ३.६ लाख.
क) इथेच कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री (धातू ओतून भाग बनवणारा कारखाना), महिना २०,००० हातात.

वजनं अशी दिली: पगार ४०, शिकायला मिळणं २५, घर जवळ १५, स्थैर्य १०, कंपनीचं नाव १०. पगाराचे मार्क सरळ प्रमाणात, म्हणजे अ-ला १०, ब-ला ९, क-ला ६. बाकीचे अंदाजाने, अ-ब-क याच क्रमाने: शिकणं ६, ८, ७, घर ५, ५, १०, स्थैर्य ७, ६, ६, नाव ९, ६, ३.

गुणाकार-बेरीज केली तर अ ७.८५, ब ७.५५, क ६.५५. म्हणजे हिंजवडी. पण हा आकडा बघून काही बरं वाटेना. पद्धत चुकतेय का मार्क?

तिखटमीठ
रुमाल टाकून ठेवतो. सावकाश येतो.

चाकणवासी
भावा, आधी त्या सीटीसीचं सोंग उतरव. अ आणि ब ला सीटीसी धरलायस आणि क ला हातात येणारे पैसे. २०,००० गुणिले १२ म्हणजे २.४ लाख, म्हणून ६ मार्क. तिथे मालकाचा पीएफ, ग्रॅच्युइटी काही धरलेलं नाही. एकाचं वजन पोत्यासकट आणि दुसऱ्याचं नुसत्या दाण्यांचं, अशी तुलना झाली ही.

ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर फोड असते ती टाक इथे. कंपनीचं नाव झाकून.

रंकाळाकाठ
अ: बेसिक वर्षाला २ लाख. व्हेरिएबल (कामगिरी बघून मिळणारा भाग) २४,०००. मालकाचा पीएफ २१,६००. ग्रॅच्युइटी ९,६२०. विम्याचा हप्ता ५,०००. उरलेलं एचआरए (घरभाडे भत्ता) आणि स्पेशल अलाउन्स.
ब: बेसिक १.८ लाख. व्हेरिएबल नाही. पीएफ २१,६००. ग्रॅच्युइटी ८,६५८. कंपनीची बस आणि कँटीनचं जेवण आहे, त्याचे पैसे सीटीसीत दाखवलेले नाहीत.

चाकणवासी
आता बघ. अ मध्ये ४ लाखांतून व्हेरिएबल, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा वजा केला की उरतात ३,३९,७८०. महिन्याला २८,३१५. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) गेला, की हातात साधारण २६,३००. इन्कम टॅक्सची चिंता नको, नव्या पद्धतीत या पगाराला तो शून्यच.

ब मध्ये त्याच रीतीने ३,२९,७४२, महिन्याला २७,४७८, हातात जवळपास २५,५००.

म्हणजे ज्या ४०,००० च्या फरकावर तू ४० टक्के वजन टाकून बसलायस, तो महिन्याला ८०० रुपयांवर आला. व्हेरिएबल मिळालंच तर वर सरासरी दोन हजार. पण पहिल्या वर्षी ते पूर्ण मिळालेला माणूस मला अजून भेटायचाय.

ग्रॅच्युइटी म्हणजे बेसिकच्या ४.८१ टक्के, हा कागदावरचा पैसा आहे. एरवी पाच वर्षं टिकलास तर मिळणार. पीएफ मात्र खरा आहे, फक्त लगेच खर्चता येत नाही. बेसिक महिना १५,००० च्या वर नसेल, तर मालकाच्या १,८०० मधले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात, हेही लक्षात ठेव. फाउंड्रीत पीएफ कापतात का ते विचार. वीस किंवा जास्त माणसं असतील तर कापायलाच हवा.

आता राहण्याचा खर्च लिही.

रंकाळाकाठ
हिंजवडीत मित्र पीजीत आहे, जेवणासकट १०,५०० आणि येण्याजाण्याला दीड हजार. चाकणला सीनियर तिघांत खोली घेऊन राहतो, बस-कँटीन असल्यामुळे त्याचं ७,००० मध्ये भागतं. घरी राहिलो तर पेट्रोलचे २,०००.

तर महिन्याला हातात उरणारे: अ १४,३००, ब १८,५००, क १८,०००. हे असं होईल असं वाटलं नव्हतं.

तिखटमीठ
हा हा, ज्याला सगळ्यात जास्त पगार तोच सगळ्यात कडका. धागा इथेच संपला की.

सिम्प्लेक्समावशी
संपला कसा? पैशाचा रकाना नीट झाला इतकंच. मी ऑपरेशन्स रिसर्च (गणित वापरून निर्णय घेण्याचं शास्त्र) शिकवत होते, त्यामुळे माझा प्रतिसाद लांबणार, आधीच सांगते.

रंकाळाकाठ, तुझी पद्धत म्हणजे वेटेड सम, बहुनिकष निर्णय विश्लेषणातली सगळ्यात साधी. साधी आहे म्हणून वाईट नाही. गोची वेगळीच आहे. तू "पगार ४० टक्के महत्त्वाचा" असं आधी ठरवलंस आणि पर्यायांकडे नंतर बघितलंस. वजन असं हवेत ठरत नाही. पगार महत्त्वाचा आहेच, पण तिन्हीकडे सारखाच मिळणार असता तर या निर्णयात त्याचं वजन शून्य झालं असतं. वजन निकषाला नसतं, तुझ्यासमोरच्या पर्यायांत त्या निकषावर जो फरक आहे त्याला असतं.

आणि हे मार्कांच्या मोजपट्टीवरही अवलंबून असतं. तू सगळ्यात मोठ्या आकड्याने भागलंस म्हणून पगाराला १०, ९, ६ आले. त्याऐवजी सगळ्यात कमीला ० आणि सगळ्यात जास्तीला १० दिले असतेस, तर त्याच तुझ्या सीटीसीला १०, ७.५, ० आले असते. बाकी काहीही न बदलता ब ची बेरीज ७.५५ वरून ६.९५ झाली असती आणि क ची ६.५५ वरून ४.१५. नोकऱ्या त्याच, माणूस तोच, फक्त पट्टी बदलली.

म्हणून असं कर. प्रत्येक निकषावर तुझ्या तिघांतल्या सर्वांत वाईटाला ०, सर्वांत चांगल्याला १०. मग डोळ्यांसमोर अशी एक नोकरी आण जी सगळ्याच निकषांवर तिघांतली सर्वांत वाईट आहे: शिकायला अ इतकंच, शिल्लक १४,३००, घर पुण्याइतकं लांब, आणि भरवसाही सगळ्यात कमी. यातली एकच गोष्ट ० वरून १० वर न्यायची मुभा दिली तर कुठली नेशील? तिला १०० गुण. मग दुसरी कुठली, आणि पहिलीच्या मानाने तिला किती? याला स्विंग वेट म्हणतात. उत्तर देताना "तत्त्वतः काय महत्त्वाचं" याचा विचार नको, फक्त "हा एवढा फरक मला किती हवाय" याचा कर.

डेटादादा
मावशी, एएचपी (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) का नाही? थॉमस साटींची पद्धत, सत्तरच्या दशकातली, जगभर वापरतात. निकषांच्या जोड्या लावायच्या, कोणता कितीपट महत्त्वाचा ते १ ते ९ मध्ये सांगायचं, वजनं आपोआप निघतात. शिवाय उत्तरांत विसंगती किती तेही कळतं. कन्सिस्टन्सी रेशो ०.१० च्या वर गेला तर पुन्हा विचार करायचा.

सिम्प्लेक्समावशी
वापरू दे की. विसंगती पकडते हे तिचं खरं बलस्थान. शिकणं पगाराच्या तिप्पट, पगार अंतराच्या तिप्पट असं म्हणणारा माणूस पुढच्या ओळीत शिकणं अंतराच्या दुप्पटच म्हणतो, तेव्हा ती त्याला टोकते. पण पाच निकषांच्या दहा जोड्या, वर प्रत्येक निकषावर तीन पर्यायांच्या तीन-तीन जोड्या. पंचवीस प्रश्न झाले. आणि "शिकणं पगाराच्या तिप्पट महत्त्वाचं" यात किती शिकणं आणि किती पगार, हा माझा मूळ प्रश्न तिथेही तसाच राहतो. बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्ये दाखवलं होतं की एएचपीत आणखी एक पर्याय घातला की आधीच्यांचा आपसातला क्रमही उलटू शकतो. यावरून पुढे बरीच जुंपली होती, पण तो वेगळा धागा.

जुनापुराणा
थोडं अवांतर, पण अगदीच नाही. १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली लीड्समध्ये धर्मोपदेशक होते. लॉर्ड शेल्बर्न यांच्याकडून त्यांना ग्रंथपालाची नोकरी आली. जावं की न जावं कळेना, म्हणून त्यांनी बेंजामिन फ्रँकलिनना विचारलं. १९ सप्टेंबरच्या पत्रात फ्रँकलिननी कळवलं की पुरेशी माहिती नसल्याने काय ठरवावं ते सांगता येणार नाही, कसं ठरवावं ते सांगतो. कागदावर मधोमध रेघ, एका बाजूला अनुकूल, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत जायचं. मग दोन्हीकडची सारख्या वजनाची कारणं खोडायची. कधी एकाच्या बदल्यात एक, कधी दोघांच्या बदल्यात तीन. उरेल त्यावरून कौल.

प्रीस्टलींनी ती नोकरी घेतली. वर्षाला २५० पौंड, वर प्रयोगांना मोकळा वेळ. शेल्बर्न यांच्या बोवुडच्या वाड्यातच १७७४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ऑक्सिजन वेगळा केला. म्हणजे या विषयातलं सगळ्यात गाजलेलं पत्र मुळात नोकरीच्या ऑफरवरचंच आहे.

तिखटमीठ
आमच्या वेळी नाणं उडवायचो. नाणं हवेत असताना मनात जे येतं ते करायचं.

सिम्प्लेक्समावशी
ते दोनच पर्याय असताना. तीन बाजूंचं नाणं आण, मग बोलू.

रंकाळाकाठ
मावशी, केलं. पहिल्यांदा उचलेन ते शिकणं, १००. मग शिल्लक, ५०. घर जवळ, ३०. स्थैर्य, २०. नावाला गुण द्यायला लागलो तेव्हा लक्षात आलं की तो निकष व्हॉट्सॲप स्टेटससाठी होता. काढून टाकला.

०-१० च्या पट्टीवर, अ-ब-क: शिकणं ०, १०, ५. शिल्लक ०, १०, ८.८. घर ०, ०, १०. स्थैर्य १०, ०, ०.
बेरीज भागिले २००: अ १.०, ब ७.५, क ६.२.

हिंजवडी पहिल्यावरून थेट तळाला!

डेटादादा
आता सेन्सिटिव्हिटी बघ, म्हणजे एखादं वजन बदललं तर निकाल कधी उलटतो ते. तुझे आकडे मी शीटमध्ये टाकले. बाकी सगळं तसंच ठेवून घराचे ३० गुण वाढवत नेले तर ५६ पर्यंत ब पुढे, त्यापुढे क. अ ला वर आणायचं तर स्थैर्याला १५० च्या पुढे न्यावं लागतं, म्हणजे ते शिकण्यापेक्षाही मोठं होतं. अ विसर. खरी लढत चाकण आणि शिरोली.

चाकणवासी
आणि अ चं स्थैर्य ७ कुठून आलं? हातात ऑफर लेटर आहे की नुसतं लेटर ऑफ इंटेंट (घेण्याचा इरादा कळवणारं पत्र)? जॉइनिंगची तारीख आहे का? मंदीत फ्रेशर्सना महिनोन्‌महिने ताटकळत ठेवल्याचं आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. सहा महिने लांबलं तर २६,३०० च्या हिशेबाने दीड लाखाच्या वर पाणी.

रंकाळाकाठ
फोड छापलीय, पण वर "जॉइनिंगची तारीख नंतर कळवण्यात येईल" असंच आहे.

सदाशिवपेठी
पर्याय ड कुणीच बोलत नाही. एक वर्ष एमपीएससी. अभ्यासिका, मेस, मी सगळी माहिती देतो. सरकारी नोकरी लागली तर स्थैर्य दहापैकी शंभर.

सिम्प्लेक्समावशी
"लागली तर" हे दोन शब्द आहेत ना, त्यांना या तक्त्यात रकाना नाही. अ, ब, क या मिळालेल्या वस्तू आहेत, ड हा डाव आहे. त्याला पोस्ट मिळाल्यासारखे मार्क देशील तर तो जिंकणारच, आणि रिकाम्या वर्षाचे देशील तर हरणारच. शक्यता धरून वेगळा हिशेब मांडावा लागतो. शिवाय वर्षाला खर्चच होणारा पर्याय घातला की शिल्लकेची पट्टी उणे आकड्यांपर्यंत ताणली जाते आणि अ-ब-क मधला चार हजारांचा फरक दिसेनासा होतो. त्याला घ्यायचंच असेल तर सगळी वजनं पुन्हा विचारावी लागतील.

सदाशिवपेठी
मुद्दा मान्य. पण वय २२ आहे, खुल्या गटाला ३८ पर्यंत मुदत आहे. नोकरी करत करतही देता येते.

कलम२७
बाँडबद्दल कुणी विचारलं का?

रंकाळाकाठ
ब मध्ये आहे. दोन वर्षं, आधी सोडल्यास १ लाख.

कलम२७
"बाँड कोर्टात टिकत नाही" या कट्ट्यावरच्या सल्ल्यावर विसंबू नकोस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख भरायची अट वैध धरली. ती सार्वजनिक क्षेत्रातली बँक होती आणि भरतीचा खर्च हे त्यातलं एक कारण होतं, त्यामुळे प्रत्येक खासगी बाँडला तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण निकाल आहे. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणार असतील तर मात्र तिथूनच परत फीर.

सिम्प्लेक्समावशी
हा फार चांगला मुद्दा निघाला. बेरजेच्या पद्धतीत एकीकडचं उणं दुसरीकडच्या अधिकाने भरून निघतं. काही गोष्टी तशा भरून निघत नाहीत. फ्रान्सात बर्नार्ड रॉय यांनी साठच्या दशकात एलेक्त्र नावाची पद्धत बसवली. त्या घराण्यात व्हेटोची सोय आहे: एका निकषावर पर्याय फारच मागे असेल तर बाकीचे मार्क कितीही असोत, तो वरचढ ठरत नाही. तुझ्या भाषेत, मार्क द्यायच्या आधी चाळणी लाव. कागदपत्रं अडकवणारी नोकरी चाळणीतच अडकली पाहिजे. दोन वर्षांचा बाँड तुला चालेल का ते तूच ठरव.

रंकाळाकाठ
दोन वर्षं चालतील. तशीही दोन वर्षं करायचीच होती. गुणपत्रिकांचं पत्रात काही नाही, एचआरला मेल टाकून विचारतो.

दुसरी भानगड अशी. तक्ता बाबांना दाखवला. त्यांनी घराला ८० गुण दिले. मी ३० वर आहे. सरासरी ५५ येते आणि डेटादादांची रेघ ५६ वर. आई म्हणाली, एका मार्काने नापास का रे?

तिखटमीठ
आईंना दंडवत.

चाकणवासी
काकांना घर जवळ का हवंय, तेवढं विचारून बघ. आजारपण आहे, शेती बघायचीय, की नुसतं "पोरगं डोळ्यांसमोर हवं"? पहिली दोन असतील तर तो निकष तुझाही आहे. तिसरं असेल तर चाकणहून शनिवारी रात्री निघून सकाळी घरी पोचता येतं, सुट्टी मिळाली तर. शिफ्ट आठवड्याला बदलतात, रात्रपाळीच्या आठवड्यानंतरचा रविवार झोपेतच जातो हेही त्यांना सांग. आणि चाकण चौकातलं ट्रॅफिक मोजपट्टीत धरू नकोस, ते कुठल्याच पट्टीत मावत नाही.

सिम्प्लेक्समावशी
दोघांच्या गुणांची सरासरी काढू नये. एकाची नोकरी आहे आणि दुसऱ्याची काळजी. शिवाय ५५ आणि ५६ यांत फरक आहे असं समजण्याइतके हे आकडे काटेकोर नाहीतच. एवढ्या जवळ आल्यावर दशांश घासत बसायचं नाही, कुठला आकडा सगळ्यात कच्चा आहे ते शोधायचं.

तो मला दिसतोय. सगळ्यात जड वजन शिकण्याला, आणि त्यावर क ला दिलेले ७ मार्क तू बघून दिलेस की ऐकून? ते ७ ऐवजी ८ धर, म्हणजे ब इतकेच. तर क ची बेरीज ८.७ होते, ब ची ७.५ वरच. घराचे गुण ३० ठेवूनसुद्धा! ६ धर, तर क ३.७ वर कोसळतो. अख्खा निकाल त्या एका मार्कावर टांगलाय आणि तो मार्क अंदाजाने दिलेला आहे.

रंकाळाकाठ
खरं आहे, ऐकीव आहे. मुलाखत ऑफिसातच झाली, शॉप फ्लोअर बघितलाच नाही. चाकणला इंडस्ट्रियल व्हिजिटला आत जाऊन आलोय. फाउंड्रीत फोन केला, उद्या या म्हणाले. काय बघू? काय विचारू?

भट्टीवाला
फाउंड्रीत आयुष्य गेलंय, म्हणून लॉगिन झालो. एमडीच्या केबिनमध्ये चहा पिऊन परत येऊ नकोस.

पहिलं, मेथडिंग कोण करतं विचार. रनर (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा), रायझर (धातू आकसताना भर घालणारे साठे) कुठे आणि केवढे ठेवायचे ते घरात ठरतं का बाहेरून करून आणतात? कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करतात का, आणि लायसन्स आहे तर त्यावर रोज बसणारा माणूस कोण आहे? सॉफ्टवेअर नुसतं गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेल्या जागा मी पाहिल्यात. मेथडिंग बाहेरून येत असेल तर तुला शिकायला मिळणार डिस्पॅच आणि लेबर हजेरी.

दुसरं, रिजेक्शन. टक्केवारी विचारू नकोस, सगळे चांगलीच सांगतात. भंगारात पडलेलं एक कास्टिंग (ओतीव भाग) उचल आणि विचार, हे का गेलं? ब्लोहोल, श्रिंकेज, सँड इन्क्लूजन असं दोषाचं नाव घेऊन कारण सांगणारा सुपरवायझर भेटला तर तिथे शिकशील. "वाळू खराब होती" एवढंच म्हणाला तर समजून जा. मग साच्यांची वाळू तपासणारी सँड लॅब दाखवा म्हण, आणि ओलाव्याच्या नोंदी आजच्या आहेत का गेल्या महिन्यातल्या ते रजिस्टरमध्ये बघ. स्पेक्ट्रोमीटर (धातूत काय किती आहे ते मोजणारं यंत्र) चालू आहे की प्लास्टिकखाली झाकलेला, तेही बघ.

तिसरं, दोन-तीन वर्षांपूर्वी लागलेला इंजिनिअर गाठ आणि साहेबांपासून बाजूला घेऊन विचार, आज सकाळपासून काय काय केलंस? एकही असा माणूस सापडला नाही, सगळे एक तर वीस वर्षांचे जुने नाहीतर सहा महिन्यांचे नवे, तर पोरं का टिकत नाहीत ते गेटवरच्या चहावाल्याला विचार.

पीएफचं चाकणवासी म्हणाले ते विचारच, पण एचआरला. भट्टीपाशी नको.

मेटल ओततानाची वेळ कुठली ते आत्ताच फोन करून घे आणि त्या वेळेला जा. सुती फुल शर्ट घाल, टेरिकॉट नको. आणि बूट घाल, चपलांवर आत सोडणार नाहीत.